वेगळं तळं नको : गावाच्या सुधारणेचा आपल्या बाजूनं इतिहास



नगरपरिषदेच्या निवडणुकीतलं कुठलंही पत्रक उचला. तीन गोष्टी हमखास सापडतील. चौक सुंदर करू. शहर सुरक्षित करू. व्यापार वाढवू. पक्ष कुठला का असेना, तीन वाक्यं तीच. राज्यातल्या मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर कितीतरी वर्षं प्रशासक बसले, शेवटी २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या, तेव्हाही हेच वाचायला मिळालं.

आपली पोरं असलं पत्रक वाचतात आणि चुरगाळून टाकतात. म्हणतात, आपला लढा अत्याचाराचा, आरक्षणाचा, जमिनीचा. नाली, दिवा, बाजार बघायला नगरसेवक आहे की! मला वाटतं, इथंच आपण फसतो. कारण चौक, सुरक्षितता आणि व्यापार हे आपल्या लढ्याबाहेरचे विषय नाहीत. आपला लढा सुरूच मुळी तिथून झाला. पाण्याच्या तळ्यावरून झाला, रस्त्यावरून झाला, चहाच्या कपावरून झाला. हे विसरलं की मग दुसऱ्यांनी गाव सुधारायचं आणि आपण फक्त आपल्या वस्तीपुरता निधी मागत बसायचं, अशी वाटणी होते. ही वाटणी कुठून आली ते बघू.

१

अंबाजोगाई म्हटलं की लोक योगेश्वरीचं देऊळ सांगतात. मुकुंदराजाची समाधी सांगतात. दासोपंतांची चाळीस फूट लांब पासोडी सांगतात. जयवंतीच्या अंगाला हत्तीखान्याची लेणी आहेत, ती दाखवतात. हे सगळं खरं आहे, आणि गाव जुनं आहे यात वाद नाही. तेराव्या शतकात यादवांचा सेनापती खोलेश्वर इथं नांदला. त्यानं देवळं बांधली, ब्राह्मणांना अग्रहारं दिली. त्याच्या लेकीनं, लक्ष्मीनं, लढाईत मेलेल्या भावाच्या नावानं देऊळ उभं केलं. त्याचा इ.स. १२४० चा शिलालेख आहे. गाव सुधारलं, घडवलं, याची नोंद दगडावर आहे. दान देणाऱ्याचं नाव आहे. घेणाऱ्याची जात आहे. पण दगड फोडणाऱ्याचं, वाहणाऱ्याचं नाव तिथं शोधू नका.

पुढं निजामाच्या राज्यात गावाचं नाव मोमिनाबाद झालं. हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी इथं होती. १९०३ साली कंटिन्जन्टची फौज इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळून टाकली. पण छावणीच्या खुणा गावाच्या अंगावर राहिल्या. सदर बाजार हे नाव छावणीच्या गावांतूनच ऐकायला मिळतं. आता घोडदळ म्हणजे काय? घोडा म्हटला की खोगीर आलं, खोगीर म्हटलं की चामडं आलं, चामडं म्हटलं की ढोर-चांभार आला. घोडा म्हटला की गवत आलं, लीद आली, ती काढणारा आला. साहेबाच्या बंगल्याला संडास आला, त्याची पाटी डोक्यावर घेणारी बाई आली. छावणी कुठलीही असो, ती या हातांशिवाय एक दिवस चालत नसे.

आणि छावणीच्या आधीपासून गावगाडा होताच. तो जरा नीट बघा. गावचा रस्ता झाडायचा कुणी? महारानं. रात्री वेस राखायची कुणी? येसकर महारानं. नव्या माणसाची खबर पाटलाला द्यायची, चोराचा माग काढायचा, सरकारी खजिन्यासंगं धावायचं, तेही त्यानंच. मेलेलं ढोर ओढायचं महारानं, कातडं कमवायचं ढोरानं, मोट आणि वहाण शिवायची चांभारानं. दोर वळायचा, केरसुणी बांधायची मांगानं.

म्हणजे आजच्या पत्रकातल्या त्या तीन गोष्टी मोजून घ्या. सार्वजनिक जागा साफ ठेवणारे आपण. गावाची सुरक्षितता राखणारे आपण. शेती आणि बाजार ज्याच्यावर चालतो तो दोर, ती मोट, ती वहाण देणारे आपण. तिन्ही कामं आपल्या अंगावर. आणि तिन्हींचा उपभोग मात्र आपल्याला बंद! ज्या रस्त्याला आपण झाडू मारला त्यावरून चालताना खाली बघून चालायचं. ज्या वेशीला रात्रभर जागलो तिच्या बाहेर आपलं घर. ज्या बाजाराला दोर दिला त्या बाजारात पैसा हातात ठेवायचा नाही, वरून टाकायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

या बेगारीला वतन असं गोड नाव होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते याचसाठी. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला त्यांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद भरली. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे, आपल्यापासून काही लांब नाही. महार आणि मांग दोघांची मिळून परिषद होती, हेही ध्यानात ठेवा. आज ते आपण विसरत चाललोत.

२

आता महाड. चवदार तळ्याची गोष्ट आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो. पण ती नगरपालिकेची गोष्ट म्हणून कधी सांगतच नाही.

१९२३ च्या ऑगस्टात मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणं आपला ठराव केला. तळं खुलं. कागदावर सगळं झालं. आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचा थेंब मिळाला नाही.

१९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली तेव्हा परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. गावात सार्वजनिक तळं भरलेलं, नगरपालिकेचा ठराव फायलीत, आणि माणसं पाणी विकत घेतात! २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले, मागून हजारो प्याले. लगेच अफवा उठली की आता हे देवळात घुसणार. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. मग तळ्याची शुद्धी झाली. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर मंडपाला जागा कोणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. तळं खाजगी आहे असा दावा सवर्णांनी कोर्टात टाकला आणि मनाईहुकूम आणला. हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

यातून कार्यकर्त्यानं काय घ्यायचं? पहिली गोष्ट, ठराव म्हणजे सुधारणा नव्हे. ठरावावर पाय ठेवून चालणारी माणसं लागतात. दुसरी गोष्ट, नगरपालिका ठराव करते तशी तो रद्दही करते. कोण सभागृहात बसलंय आणि बाहेर कोण उभं आहे, यावर ते ठरतं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. बाबासाहेबांनी वेगळं तळं मागितलं नाही. वेगळी विहीर खोदून मिळाली असती तर त्या दिवशीची तहान भागली असती. पण सवाल तहानेचा नव्हता. गावाचं जे सार्वजनिक आहे ते आमचंही आहे, हा सवाल होता. म्हणून चवदार तळंच पाहिजे.

३

कोणी म्हणेल, महाड कुलाबा जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात. आपल्याकडं निजामाचं राज्य, इथलं निराळं असेल. निराळं नव्हतं. १९३४ साली बाबासाहेब आपल्या साथीदारांसंगं वेरूळ बघायला निघाले आणि वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाची धूळ होती म्हणून दारापाशी असलेल्या हौदात त्यांनी हातपाय-तोंड धुतलं. रमजानचा महिना होता. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली. शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना तिथंच विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो काय. शेवटी किल्ला बघायला सोडलं, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि संगती हत्यारबंद शिपाई देऊन. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, कौन्सिलात बसलेला माणूस, आणि त्याच्यावर नजर ठेवायला शिपाई! ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय.

त्या शिपायाकडं जरा बघा. सुरक्षितता म्हणतात ती हीच होती. शिपाई पाण्याची सुरक्षितता राखत होता, माणसाची नाही. आज चौकाचौकात कॅमेरे लावायची भाषा चालते, तेव्हा मला तो शिपाई आठवतो. कॅमेरा वाईट नाही. पण तो कोणावर नजर ठेवायला आहे आणि कोणाचं रक्षण करायला आहे, हे विचारायला पाहिजे.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं. १९५० ला संविधान आलं. त्याचं पंधरावं कलम काढून वाचा. आपण समतेचं कलम म्हणून त्याचं नाव घेतो, पण त्याच्या दुसऱ्या भागात काय काय मोजलंय बघा. दुकानं. सार्वजनिक उपाहारगृहं. हॉटेलं. करमणुकीच्या जागा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. जिथं चार माणसांचा राबता आहे अशा सार्वजनिक जागा. घटना समितीत बसून माणसं दुकानाची आणि रस्त्याची यादी करत होती! ती यादी हवेतून आली नव्हती. तिच्यामागं महाड होतं, दौलताबाद होतं, प्रत्येक गावचा पाणवठा होता. १९५५ साली अस्पृश्यतेला शिक्षा देणारा कायदा झाला, आणि तरी सत्तरीच्या दशकात डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत खेडी पालथी घालावी लागली. म्हणजे कायदा पुन्हा कागदावर.

४

आता व्यापाराकडं या. इथं आपण सगळ्यात कच्चे आहोत, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचा माणूस शाहू महाराजांच्या पागेत नोकर होता. मराठ्यांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, पण गंगारामाला स्वतंत्र धंद्याला पैसा दिला. त्यानं भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल टाकलं. आत स्वच्छता मोठी, चहा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. महाराची किटली कोण तोंडाला लावणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करू लागले. स्वतः चहा पीत आणि संगतीच्या बड्या बड्या मंडळींना पाजीत. १९१९ साली त्यांनी संस्थानातल्या सार्वजनिक जागांवरची शिवाशिव बंद करायचे हुकूम काढले. पण हुकमाबरोबर त्यांनी ही चहाची कपबशीही उचलली, हे महत्त्वाचं. दुकान म्हणजे नुसता पैसा नव्हे. दुकान ही चव्हाट्यावरची जागा आहे. तिथं आपला माणूस गल्ल्यावर बसला की गावाचा नकाशाच बदलतो.

उलट्या बाजूनं हेच अमेरिकेत घडलं. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्या दुकानात काळ्यांकडून सामानाचे पैसे घेत, पण जेवणाच्या टेबलावर त्यांना बसू देत नसत. ही पोरं बसली. दुसऱ्या दिवशी आणखी आली. धंदा बुडायला लागला. जुलैच्या शेवटी दुकानदारानं टेबल सगळ्यांना खुलं केलं. वय काय त्या पोरांचं? तुमच्याएवढंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती.

आणि बाजार हे हत्यारही आहे, हे मराठवाड्यानं बघितलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. पुढं काय झालं ते आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. घरं जळाली. पोचीराम कांबळेला टेंभुर्णीत मारलं. पण जाळपोळीची बातमी झाली, बहिष्काराची झाली नाही. दुकानात मीठ-मिरची नाही. गिरणीत दळण नाही. मजुरी नाही, विहीर नाही. ज्या गावात आपलं एक दुकान नाही, एक गिरणी नाही, तिथं माणसाला मारायला तलवार लागत नाही. दुकानाची फळी लावली की भागतं. विद्यापीठाला नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. पुढं अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन २०१६ पासून सामाजिक-आर्थिक बहिष्कार हा त्या कायद्याखालचा गुन्हा झाला. सार्वजनिक जागा वापरू न देणं, धंदा करू न देणं, हेही त्यात आलं. हा कायदा तुमच्या खिशात पाहिजे.

५

हा सगळा इतिहास आजच्या अंबाजोगाईत कुठं लागू पडतो?

मेडिकलच्या दवाखान्यासमोर सकाळी उभे राहा. सत्तरीच्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, तेव्हापासून खेड्यापाड्यांतलं पेशंट इथं येतं. पेशंटसंगं दोन नातेवाईक येतात. त्यांना चहा लागतो, केळी लागतात, दहा-वीस रुपयांत पोट भरेल असं काही लागतं. हे पुरवतो कोण? हातगाडीवाला, पाटीवाली, टपरीवाला. मोठ्या हॉटेलात त्या नातेवाइकाला पाऊल ठेवायची हिंमत होत नाही. आठवडी बाजारात जा. जमिनीवर फडकं अंथरून बसलेल्या बायकांच्या जाती विचारायची गरज नाही, तुम्हाला ठाऊक आहेत.

आता शहर सुंदर करायचं म्हटलं की पहिला हात कोणावर पडतो? याच गाड्यांवर. यांना अतिक्रमण म्हणतात. ज्या गावाला चाळीस फुटांच्या पासोडीचा अभिमान आहे, त्या गावानं बाजारातलं चार फुटांचं फडकं ओझं मानू नये, एवढंच म्हणणं आहे. आणि हे म्हणणं दयेचं नाही, कायद्याचं आहे. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. आधी पाहणी करा, मग प्रमाणपत्र द्या, पाहणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवू नका, असं तो सांगतो. उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस द्या, माल जप्त केला तर त्याची यादी हातात द्या. शहरासाठी विक्रेता समिती पाहिजे, तिच्यात किमान चाळीस टक्के माणसं विक्रेत्यांनी निवडलेली, त्यात एक तृतीयांश बाया, आणि अनुसूचित जाती-जमातींनाही प्रतिनिधित्व. आपल्या किती कार्यकर्त्यांनी हा कायदा वाचलाय? भाषणात संविधान आणि बाजारात तहबाजारीची पावती मुकाट्यानं घ्यायची, हे चालायचं नाही.

सुरक्षिततेचंही तसंच. १९६१ साली न्यूयॉर्कच्या जेन जेकब्स या बाईनं एक साधी गोष्ट लिहिली. रस्ता पोलिसामुळं कमी आणि रस्त्यावरच्या दुकानदारांमुळं, दारात बसणाऱ्या माणसांमुळं जास्त सुरक्षित राहतो, असं तिचं म्हणणं. आपल्या येसकराला हे सांगायला न्यूयॉर्कला जावं लागलं नसतं. रात्री नऊला क्लासवरून परतणारी आपली पोरगी ज्या वळणावर चालते तिथं कणसं भाजणारी बाई बसलेली असली, तर तीच तिचं संरक्षण आहे. ती बाई उठवली आणि खांबावर दिवा लावला नाही, तर चौक कितीही रंगवा, पोरगी भितेच. तिची शाळा सुटते. मग आपण सभेत मुलींच्या शिक्षणावर भाषण करतो.

आता आपल्या चुकीचं बोलतो. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण नाव बदललं म्हणून पत्ता बदलतो असं नाही. आपण काय मागतो? वस्तीत रस्ता, वस्तीत समाजमंदिर, वस्तीत कमान. मागावंच, हक्काचं आहे. पण तेवढ्यावर थांबलो की गावाच्या मोठ्या अंदाजपत्रकात आपला आवाज राहत नाही. मुख्य बाजाराचे गाळे कोणाला गेले, भाजी मंडईचे ओटे कोणाला, बसस्थानकाजवळ बायांसाठी मुतारी का नाही, बागेचं आरक्षण कुठं गेलं, याचा निकाल दुसरेच लावतात. वेगळ्या तळ्यावर समाधान मानण्यासारखंच आहे हे. बाबासाहेबांनी नाकारलं ते आपण आनंदानं घेतोय.

आणखी एक. शहर स्वच्छतेत वरचा नंबर आला की मिरवणूक निघते. झाडू मारणारी माणसं अजून त्याच दोन-तीन जातींची आहेत, आणि आता तीही गुत्तेदाराच्या हाताखाली. मैला हातानं उचलायला लावणं १९९३ च्या आणि मग २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गावोगावच्या साथींनी विचारावं, सफाई कामगाराला हातमोजे आहेत का, पगार कागदावर आहे तेवढा हातात येतो का, नालीत माणूस उतरवतात का. ज्यानं रस्ता साफ केला त्याला त्या रस्त्यावर ताठ चालता येत नसेल तर ती गावगाड्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे.

म्हणून कामं सांगतो. लहान आहेत, पण करायची आहेत. एक, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून नगरपरिषदेचं अंदाजपत्रक आणि विकास आराखड्याचा नकाशा काढा आणि चौघांनी बसून वाचा. दोन, एका रात्री पोरापोरींनी मिळून गाव फिरा. मंगळवार पेठ, रविवार पेठ, सदर बाजार आणि आपल्या वस्त्या. किती दिवे चालू, किती बंद, वहीत मांडा. कुठल्या भागात किती, ते शेजारी शेजारी लिहिलं की भाषणाची गरज राहत नाही. तीन, फडकंवाल्या, गाडीवाल्या माणसांना पाहणीचं, प्रमाणपत्राचं विचारा. मुसलमान बागवान असो, मातंग बाई असो, कैकाडी असो, सगळ्यांना घेऊन समितीची मागणी करा. चार, आपल्यातल्या कोणी दुकान टाकलं तर उधारी बुडवू नका आणि चहा तिथं प्या. गंगारामाच्या हॉटेलला महाराज मिळाले. आपल्या पोराच्या टपरीला आपणच आहोत.

आपल्या बापजाद्यांनी वेस राखली, रस्ता झाडला, बाजाराला दोर दिला. त्याची मजुरी अजून बाकी आहे. ती वस्तीतल्या एका कमानीवर फिटणार नाही. अख्ख्या गावाच्या हिशोबाची वही उघडायला लावा.

जयभीम.